हातगाडी नावाचा प्राणी

वाचकहो, प्राणिशास्त्राच्या पुस्तकात वाघ सापडतो, गोगलगायही सापडते. पण हातगाडीवर एक ओळ नाही. मी पडलो बी.कॉम. कारकून, तरी निरीक्षण नोंदवतो.

हा प्राणी चतुष्पाद. पाय सायकलच्या चाकांचे, पाठ सपाट. पाठीवर केळी, पेरू, नाहीतर भाजी. साताऱ्याची जात उतारावरची. चाकाखाली दगड नसला की मालकिणीला सोडून एकटीच पोवई नाक्याकडे निघते! सांगलीची जात सपाटीवरची. पण पाण्याला भिते. २००५ आणि २०१९ साली कृष्णामाई पेठेत शिरली होती, ते ती विसरलेली नाही.

हिची एक चुलत बहीण १९३७ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीला सिल्व्हन गोल्डमन यांच्या दुकानात जन्मली. ती गिऱ्हाइकाने ढकलायची. आमचीवर मात्र अख्खे घर चालते.

नैसर्गिक शत्रू एकच, अतिक्रमणवाल्यांचा ट्रक. तो दिसताच कळप गल्लीबोळांत पांगतो. गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका मावशींची गाडी पेरूंसकट उचलली. "भाऊ, पोरीची पुस्तकं त्याच्यावरच यायची होती," मावशी म्हणाल्या.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याचे कलम १९ सांगते : जप्त मालाची यादी द्यायची, आणि ठरलेली रक्कम भरली की नाशवंत माल त्याच दिवशी परत. यादी कुणी दिली नव्हती. अर्ज मी लिहिला, अंगठा मावशींनी केला.

गाडी चौथ्या दिवशी सुटली, तीन चाकांवर. पेरू बहुधा शत्रूने खाल्ले. चौथे चाक माझ्या जुन्या सायकलचे बसवले आहे.