शब्द आणि बोध : ‘प्रोटीअन’

इंग्रजी वाचताना ‘प्रोटीअन’ हे विशेषण आढळल्यास आहारातील ‘प्रोटीन’शी त्याची गल्लत करू नये. त्याचा अर्थ, क्षणोक्षणी रूप पालटणारे. आपला ‘बहुरूपी’ हा शब्द त्याला फार जवळचा आहे.

होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्याच्या चौथ्या सर्गात प्रोटीअस नावाचा सागरवासी वृद्ध येतो. त्याला सत्य ठाऊक असे. परंतु ते सांगावयास तो राजी नसे. मेनेलाउस राजाने त्याला घट्ट धरताच तो सिंह झाला, सर्प झाला, पाणी झाला, वृक्षही झाला. राजाने पकड सैल केली नाही. तेव्हा तो मूळ रूपावर आला आणि सत्य बोलला.

नाना भूमिका वठविणाऱ्या नटाला हे विशेषण लाविले तर ती स्तुती होय. दिलेला शब्द फिरविणाऱ्या मनुष्यास मात्र इंग्रजीत ‘फिकल’ म्हणावे.

आम्हांस वाटते, एक प्रोटीअस आपल्या अंतःकरणातही दडलेला आहे. भावाशी अबोला का, असे त्याला विचारून पाहा. आज तो शेताच्या बांधाचे निमित्त सांगेल, उद्या भावजयीच्या बोलण्याचे, परवा वडिलांच्या वाटणीचे. निमित्त पालटते, अहंकार तोच राहतो.

वाचकहो, कुमसारास जाण्यापूर्वी त्या सबबीला घट्ट धरा. शेवटी ती ‘चूक माझीही आहे’ असे कबूल करील. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा, अशी प्रभूची आज्ञा आहे (मत्तय, अध्याय ५). तेवढे पाऊल या रविवारपूर्वीच उचलू या.