मतदाराची ओळख

मतदानाचा दिवस आला म्हणजे गांवोगांवच्या शाळांस सुटी मिळते, आणि ज्या वर्गांत एरव्हीं मुलांची हजेरी घेतली जाते त्याच वर्गांत नागरिकांची हजेरी भरते. फळ्याजवळ अधिकारी बसतात व दारांतून येणाऱ्या थोरामोठ्यांस, गरीबगुरिबांस एकच प्रश्न विचारला जातो : आपण कोण? हा प्रश्न योग्य आहे काय, आणि त्याचें उत्तर सिद्ध करण्याचा भार कोणावर असावा, याविषयीं चार शब्द वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रश्न योग्य आहे, हें प्रथमच मान्य केलें पाहिजे. दुसऱ्याच्या नांवानें मत देणें ही चोरीच होय. आणि चोरीस गेलेलें मत धन्यास पूर्ववत् परत मिळत नाहीं. आपल्या नांवावर कोणी आधींच मत देऊन गेला असें आढळल्यास खऱ्या मतदारास निराळी मतपत्रिका मिळते खरी. परंतु ती वेगळ्या पाकिटांत ठेविली जाते व नेहमींच्या मोजणींत धरिली जात नाहीं. म्हणून बोटावरील शाई व हातांतील ओळखपत्र हीं दोन्ही खऱ्या मतदाराचीं रक्षकें आहेत.

परंतु रक्षकानेंच धन्यास दाराबाहेर काढिलें तर? आपल्या देशांत १९५१-५२ सालीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तिच्या याद्या तयार होत असतां अनेक स्त्रियांनीं परक्या माणसास स्वतःचें नांव सांगितलें नाहीं. 'अमक्याची आई', 'तमक्याची पत्नी' एवढीच त्यांची नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकीर्दींत अशीं सुमारें २८ लक्ष नांवें यादींतून गळलीं. मतदारास स्वतःचें नांव असावें हा आग्रह रास्त होता. तरी त्या वेळीं हक्क बुडाला तो खऱ्याखुऱ्या नागरिकांचा, तोतयांचा नव्हे.

परदेशींही हाच अनुभव आला. ब्रिटनच्या पार्लमेंटनें २०२२ सालीं कायदा केला, आणि मे २०२३ मधील स्थानिक निवडणुकांत इंग्लंडमध्यें प्रथमच मतदान केंद्रावर छायाचित्राचा पुरावा मागण्यांत आला. ज्यांच्याजवळ असा पुरावा नव्हता त्यांस विनामूल्य प्रमाणपत्र मिळण्याची सोय होती. तथापि सुमारें १४,००० माणसें केंद्रापर्यंत येऊन पुराव्याअभावीं मत न देतां परत गेलीं. शेंकडा प्रमाण पावच भरतें, असें कोणी म्हणेल. पण ज्याचें मत गेलें त्याचें पाव गेलें नाहीं, संपूर्ण गेलें.

आपल्याकडे श्री. टी. एन. शेषन यांनीं १९९३ सालीं छायाचित्रयुक्त ओळखपत्रांचा आदेश काढिला. आज तें पत्र नसल्यास पारपत्र, वाहन चालविण्याचा परवाना, आधारपत्र, बँकेचें अगर टपाल कार्यालयाचें छायाचित्र असलेलें पासबुक अशा अन्य पुराव्यांपैकीं कोणताही एक चालतो. ओळख पटत असेल तर नांवांतील किरकोळ चुकीकडे दुर्लक्ष करावें, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. त्याहूनही मार्मिक नियम निराळाच आहे. एखाद्या मतदाराच्या ओळखीविषयीं उमेदवाराच्या प्रतिनिधीस शंका आल्यास त्यानें आधीं दोन रुपये अनामत भरावे लागतात. चौकशींत आक्षेप सिद्ध झाला नाहीं तर मतदारास मत देऊं द्यावें लागतें, आणि आक्षेप खोडसाळ ठरल्यास अनामत जप्त होते. रक्कम क्षुल्लक, पण तिच्यांतील तत्त्व थोर आहे. शंका घेणारानें शंकेचें ओझें वाहावें, असें तें सांगतें.

'ज्यास एक कागद जपून ठेवितां येत नाहीं त्यानें मतदान तरी कशास करावें?' असा प्रश्न सुशिक्षितांच्या तोंडून ऐकूं येतो. ज्यांच्या घरीं कपाट आहे त्यांस हें बोलणें सोपें आहे. पुरांत ज्याची झोपडी वाहून गेली, ऊसतोडणीसाठीं जो सहा महिने परमुलखांत राहतो, त्याचा कागद हरवतो. त्याचें नागरिकत्व हरवत नाहीं. महाराष्ट्रांतील विवाहित स्त्रीचें उदाहरण तर घरोघरचें आहे. माहेरचें नांव एका दाखल्यावर, सासरचें दुसऱ्यावर. माणूस एकच, पण कागदांच्या हिशेबीं दोन! म्हणून आमचें मत असें कीं, सरकारनें पुरावा अवश्य मागावा. परंतु जो पुरावा मागावयाचा तो विनामूल्य व वेळेवर प्रत्येकाच्या दारीं पोहोंचविण्याची जबाबदारीही सरकारनेंच पत्करावी.

विद्यार्थिमित्रहो, यांत आपलाही वांटा आहे. वयाचीं सतरा वर्षें पूर्ण होतांच नांवनोंदणीचा अर्ज आगाऊ करितां येतो, तो करावा. पण त्याआधीं एका संध्याकाळीं आपल्या आईचें व आजीचें ओळखपत्र मतदारयादीशीं ताडून पाहावें, आणि चूक आढळल्यास दुरुस्तीचा अर्ज आपल्या हातानें भरून द्यावा. शाळेनें आपणांस अक्षरओळख करून दिली. त्या अक्षरांनीं घरांतील एका माणसाची ओळख शाबूत राहिली, तर त्या विद्येचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.