शेवट काय होईल? आणि कशावरून?



'अपूर्ण कथा पूर्ण करा' हा प्रश्न दिला की बरीच मुलं काय लिहितात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. नायकाला जाग येते आणि सगळं स्वप्न ठरतं, नाहीतर पोलीस येतात. झाली गोष्ट! असंच उत्तर लिहिणारा माझ्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत मात्र एका गेमच्या शेवटावरून मित्राशी तावातावाने वाद घालत होता. मी थांबून ऐकलं.

गेम होता टोबी फॉक्स यांचा 'डेल्टारून'. त्याचा पहिला भाग २०१८ मध्ये आला, दुसरा २०२१ मध्ये, तिसरा व चौथा २०२५ मध्ये. एकूण भाग सात. म्हणजे चाहते कितीतरी वर्षं अर्धीच गोष्ट हातात घेऊन शेवटाचे अंदाज बांधताहेत.

आमच्या या मुलाचं म्हणणं असं की, क्रिस हे गेममधलं मूल शेवटी खेळणाऱ्याच्या ताब्यातून सुटणार. कशावरून? तर आपण क्रिसला चालवतो ते त्याच्या आत असलेल्या लाल हृदयातून. पहिल्या भागाच्या शेवटी क्रिस तेच हृदय उपटून पिंजऱ्यात फेकतं. मित्र म्हणाला, "ते सोड, राल्सेईकडे बघ." राल्सेई हा गेममधला राजकुमार. त्याच्या नावातली इंग्रजी अक्षरं फिरवली की आधीच्या 'अंडरटेल'मधल्या ॲझ्रिएलचं नाव तयार होतं. त्यावर आमचा गडी म्हणाला, "नाव जुळलं म्हणून शेवट कळतो का? हृदय काढलं ते तर गोष्टीत घडलंय!"

मंडळी, हे वाचनच आहे! दावा, पुरावा, आक्षेप, आणि कुठला पुरावा भक्कम, कुठला कच्चा याची पारख. 'स्वमत' या प्रश्नात आपल्याला याहून वेगळं काय हवं असतं?

मग परीक्षेत स्वप्न आणि पोलीस का? मला वाटतं, चूक आपली आहे. आपण दोन ओळी देतो, त्यात धागेदोरे नसतात, आणि 'कशावरून' असं कधी विचारत नाही. शिवाय उत्तर चुकलं की गुण जातात. चाहत्याचा अंदाज चुकला तर तो पुढचा भाग पाहून नवा अंदाज बांधतो.

म्हणून मुलांनी तासन्‌तास गेम खेळावेत असं मी म्हणत नाही. वेळेची मर्यादा हवीच. पण मोबाईल बाजूला ठेवल्यावर त्या गोष्टीबद्दल बोलायला काय हरकत आहे?

शिक्षकांनी एवढं करून बघावं: पाठातली कथा ऐन वळणावर थांबवा, पुस्तकं मिटा. प्रत्येकाने शेवट सांगायचा, पण वाचलेल्या भागातले दोन पुरावे देऊनच. नंतर उरलेली कथा वाचा. अंदाज चुकला तरी पुराव्याला शाबासकी द्या.

आणि पालकहो, आज जेवताना "पुरे झाला तो गेम" म्हणण्याआधी एकदा विचारा, "तुला काय वाटतं, शेवट काय होईल? कशावरून?" मग मधे न बोलता ऐका.