दारूबंदीविरोधी मंडळ (नियोजित)

मी दारू पीत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण दारूबंदीविरुद्ध बोलणारा पिणाराच असतो, अशी खुद्द आमच्या सौभाग्यवतींची समजूत आहे.

दारूबंदीची थोरवी पाहायची तर आमच्या जिल्ह्यातल्या नवापूर स्टेशनात यावं. तिथलं एक बाकडं अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. एकच गृहस्थ एकाच बैठकीत डाव्या मांडीने सभ्य आणि उजव्या मांडीने गुन्हेगार! बरं, आपली मांडीही फार सोवळी नव्हे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आपल्याकडे अजून जिवंत आहे, आणि प्यायला परवाना लागतो. तो कितीजणांच्या खिशात असतो, हे विचारू नये.

मग मी विरोधी मंडळ काढायचं ठरवलं. एका लग्नात जानोशात पंधराजणांनी जोरदार पाठिंबा दिला. मी कागद पुढे केला (बँकेतला माणूस, सहीशिवाय आमचं पान हलत नाही). एकाला चष्मा सापडेना, दुसऱ्याचे व्याही आले, तिसऱ्याने केलेली सही त्याची त्यालाच वाचता येईना. त्यापेक्षा तो बलसारा बरा. व्हिस्की-ब्रँडीसाठी स्वतःच्या नावाने कोर्टात गेला. १९५१ साली सुप्रीम कोर्टाने कायदा बहुतांशी राखला, पण औषधं आणि ओ-द-कोलनसारख्या प्रसाधनांवरची बंदी उडवली. एका सहीने निदान खोकल्याचं औषध तरी सुटलं!

माझं खरं भांडण निराळंच आहे. त्या कायद्यात मोहाच्या फुलांवरसुद्धा कलमं आहेत. धडगावकडच्या पावऱ्याच्या देवाला मोहाची धार लागते. त्याने परमिटाचा फॉर्म कुठल्या खिडकीवर भरायचा? साहेबाला परमिट आणि पावऱ्याला पोलीस, असा हा न्याय. आणि याच सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्याकडे, १९३८ साली गुलाम महाराजांच्या शब्दावर आदिवासींनी आपण होऊन दारू सोडली होती. तेव्हा फौजदार लागला नाही.

असो. कागदावर अजून माझी एकट्याचीच सही आहे. तो मी काउंटरच्या ड्रॉवरात ठेवला आहे. दर पगाराला एक बाई नवऱ्याच्या आधी येऊन ओळीत उभी राहते. ‘‘भाऊ, तो यायच्या आत काढून द्या ना.’’ खातं त्याचं, सही त्याची. मला देता येत नाही. परवा तिने उघड्या ड्रॉवरात पाहून विचारलं, ‘‘अर्ज कशाचा आहे हो?’’

मी ड्रॉवर लोटला आणि पुढचं टोकन पुकारलं.