शेल्यावरचं फुलझाड

पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोहे भागात गणेशमूर्तींचा शेला पूर्वी फक्त रंगाने उमटायचा. आता खऱ्या कापडाचे शेले-पितांबरही चढतात. अशा छापील कापडासाठी काश्मिरी शालींसारखा दुसरा गुरू नाही. आपण तिथली कोयरी तेवढी उचलतो. पण सतराव्या शतकातल्या शालींवर तिच्या जागी एकेकटं, सडपातळ फुलझाड असे. पुढे त्याचा गुच्छ झाला, आणि १८००च्या सुमारास शेंडा वळलेला भरीव बुट्टा. पेशवाईत मानाच्या शालजोड्या दिल्या जात, तेव्हाच हा बदल घडत होता.

नक्षीकारांनी त्या जुन्या झाडाकडे जरूर वळावं. हातभर शेल्याला चुण्या पडल्या की मोठी कोयरी मध्येच तुटते; बारीक झाड मात्र चुणीतही पूर्ण दिसतं.