अंदाज जवळ आला, सल्ला दुरावला

डिसेंबर-जानेवारीत हवामान खात्याच्या साप्ताहिक अंदाजात उत्तर कोकणाच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते : हवामान कोरडे, आकाश निरभ्र, किमान तापमानात किंचित घट. मुंबईकराला या ओळीतून स्वेटर बाहेर काढावा की नाही, एवढेच कळते. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील डहाणू व तलासरी तालुक्यांत मात्र चिकूची तोडणी, आंब्यावरील फवारणी, उन्हाळी भाताची रोपवाटिका आणि बोंबलांची वाळवण या साऱ्यांचा निर्णय त्याच ओळीवर घ्यावा लागतो. ही ओळ शेतकऱ्यापर्यंत कोणत्या स्वरूपात पोहोचते, हा प्रश्न 2024 पासून अधिक गंभीर झाला आहे.

या पट्ट्यातील थंडी स्थानिक नसते. हिमालयाच्या बाजूने पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या पाठोपाठ उत्तरेचे कोरडे, गार वारे राजस्थान-गुजरातमार्गे खाली उतरतात. डहाणू-तलासरी हा कोकणाचा उत्तरेकडील उंबरठा असल्याने पारा तेथे लवकर घसरतो. वारे पूर्वेकडून वाहू लागले आणि समुद्रावरून येणारी दुपारची झुळूक लांबली, तर याच भागात ऐन जानेवारीतही दुपार तापते. त्यामुळे पहाटे गारठा व दुपारी चटका असा मोठा फरक एकाच दिवसात दिसतो.

दोन्ही तालुके शेजारचे असले तरी त्यांची थंडी सारखी नाही. डहाणू, चिंचणी, बोर्डी, घोलवड या किनाऱ्यालगतच्या गावांत समुद्र रात्रीचे तापमान फार खाली जाऊ देत नाही. तलासरीकडे डोंगर-टेकड्यांमधील जमीन सूर्यास्तानंतर झपाट्याने उष्णता सोडते आणि सखल शेतांत गार हवा साचते. हवामान खात्याच्या निकषांतही हा भेद आहे. मैदानी भागात थंडीची लाट जाहीर होण्यासाठी किमान तापमान 10 अंश सेल्सिअस वा त्याखाली यावे लागते. किनारपट्टीवरील केंद्रासाठी ही मर्यादा 15 अंश आहे. दोन्हीकडे तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरलेले असावे लागते. म्हणजे 14 अंशांचा आकडा किनाऱ्यावर लाटेच्या व्याख्येत बसू शकतो. मैदानी निकषाने मात्र ती केवळ थंड रात्र ठरते.

शेतीच्या दृष्टीने तापमानाचा आकडाही अपुराच आहे. आंब्याला मोहोर येण्यासाठी रात्रीचा गारवा लागतो. परंतु तो लांबला तर पुन्हा मोहोर फुटतो आणि आधी धरलेली लहान फळे गळतात. ढगाळ, दमट दिवसांत मोहोरावर तुडतुडे व भुरी वाढते. चिकूला वर्षभर कळ्या, फुले व फळे असल्याने कळी व बी पोखरणाऱ्या अळ्यांची धास्ती कायम असते. शिवाय थंडीत तोडलेले फळ पिकायला अधिक दिवस घेते आणि दूरच्या बाजारपेठेत माल पाठविण्याचे गणित बदलते. भातानंतर शिल्लक ओलाव्यावर घेतलेल्या वालाला पहाटेचे दव उपकारक ठरते, पण तेच दव आंब्याच्या बागायतदाराला नकोसे असते. सूर्या प्रकल्पाच्या कालव्यावरील उन्हाळी भाताच्या रोपवाटिकेत गारठ्याने रोपांची वाढ खुंटते. अशा वेळी वाफ्यात संध्याकाळी पाणी देऊन सकाळी ते काढून टाकावे लागते. किनाऱ्यावरच्या वाळवणीला तर ऊन, वारा आणि कोरडी हवा तिन्ही हवीत. आर्द्रतेच्या एकाच आकड्याचे असे निरनिराळे अर्थ निघतात.

त्यात ‘कोरडे हवामान’ हे आता गृहीत धरता येत नाही. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळ गुजरातच्या दिशेने सरकताना या किनाऱ्यावर पाऊस झाला. 1 डिसेंबर 2021 रोजी उत्तर कोकणात अवकाळी पाऊस कोसळला. नोव्हेंबर 2023 च्या अखेरीसही राज्याच्या अनेक भागांना अवकाळीने झोडपले. अशा पावसात खळ्यावरचे भात, गवताच्या गंजी आणि वाळत घातलेली मासळी एका रात्रीत हातची जाते. दोन दिवस आधी मिळालेली सूचना येथे पैशांइतकीच मोलाची ठरते.

ही गरज ओळखूनच भारतीय हवामान विभाग व कृषी संशोधन परिषदेने देशभरात 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रे टप्प्याटप्प्याने उभी केली. पालघरचे केंद्र डहाणूतील कोसबाड टेकडीवर, गोखले एज्युकेशन सोसायटीच्या कृषी विज्ञान केंद्रात होते. दर मंगळवारी व शुक्रवारी पुढील पाच दिवसांचा पाऊस, कमाल-किमान तापमान, आर्द्रता, वारा व ढग यांचा अंदाज घेऊन कोणत्या पिकात काय करावे, याची मराठी पत्रिका अशा केंद्रांतून निघे. 2024 च्या आरंभी ही केंद्रे बंद करण्याचा निर्णय झाला. सल्ला स्वयंचलित पद्धतीने, मध्यवर्ती पातळीवरून देता येईल, असा विचार त्यामागे होता. अनेक जिल्ह्यांच्या विभागासाठी काम करणारी 130 कृषी हवामान केंद्रे मात्र कायम ठेवण्यात आली.

या निर्णयाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रामपंचायत पातळीवरील अंदाज सुरू झाला. मे 2025 मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ कार्यान्वित झाली आणि अंदाजाची चौकट 12 किलोमीटरवरून 6 किलोमीटरवर आली. बोर्डीचा व तलासरीचा आकडा वेगळा काढणे त्यामुळे पूर्वीपेक्षा अधिक शक्य झाले. विज्ञानाची ही प्रगती निर्विवाद आहे.

परंतु संगणक आर्द्रता 90 टक्के असल्याचे सांगतो. आज फवारणी लांबवावी, वालाला पाणी देऊ नये, मासळी झाकून ठेवावी, हे त्या जागेची पिके, माती आणि हंगामाची अवस्था जाणणाऱ्या माणसाला सांगावे लागते. बागायतदार मोबाइलवर चार ठिकाणचे अंदाज ताडून पाहू शकतो. तलासरीच्या पाड्यावरील वारली शेतकऱ्याला मात्र आकड्यांचा तक्ता पुरेसा नाही. त्याच्याकडे चुकलेला निर्णय पेलण्याइतकी शिल्लकही नसते. मोठ्या मेहनतीने सूक्ष्म केलेला अंदाज अशा वेळी शेवटच्या काही मैलांवर अडतो.

‘मिशन मौसम’साठी सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने दोन हजार कोटी रुपये मंजूर केले. रडार, उपग्रह व महासंगणकांवरील हा खर्च योग्यच आहे. जिल्ह्यात बसून त्या यंत्रांची भाषा शेतीच्या भाषेत उलगडणाऱ्या एका-दोन तज्ज्ञांचा खर्च त्या तुलनेत नगण्य ठरतो. थंडीचा जोर किती राहील, हे दिल्ली व पुणे सांगू शकतात. त्या थंडीत डहाणूच्या वाडीत आणि तलासरीच्या शेतात काय करायचे, याचे उत्तर कोसबाडसारख्या ठिकाणाहूनच यायला हवे.