सरासरीचा पाऊस आणि उधव्याचे भात

पालघर जिल्ह्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हा आकडा पाहणाऱ्या शहरी माणसास तलासरी तालुक्यात पाण्याचा प्रश्न असेल, असे वाटत नाही. परंतु उधव्याच्या वारली शेतकऱ्याचे भात सरासरीवर पिकत नाही. ते त्या त्या आठवड्याच्या पावसावर पिकते. दरडोई उत्पन्नाची सरासरी जशी मजुराची भूक झाकते, तशीच पावसाची सरासरी शेतातील भेगा झाकते.

केंद्र सरकारच्या 2020 च्या हवामानविषयक अहवालानुसार देशाचे सरासरी तापमान 1901 ते 2018 या काळात सुमारे 0.7 अंशाने वाढले, तर 1951 ते 2015 या काळात मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला. ही घट पश्चिम घाटात विशेष जाणवली. पुण्यातील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याची दुसरी बाजू दिसते. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात 1950 ते 2015 दरम्यान विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पाऊस कमी होतो आहे, आणि पडतो तो धो धो पडून वाहून जातो, असा याचा अर्थ.

राब भाजून वाढवलेले रोप आवणीची वाट पाहत फार दिवस थांबू शकत नाही. खंड लांबला की ते जून होते आणि फुटवे घटतात. 2023 चा ऑगस्ट तर 1901 पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. उलट 2019 च्या ऑक्टोबरात ‘क्यार’ वादळाच्या काळात कोकणात कापणीचे भात भिजले. वर्षाची बेरीज मात्र अशा दोन्ही आपत्ती पोटात घालून ‘सर्वसाधारण’ ठरू शकते.

ज्याच्याकडे विहीर व पंप आहे, तो बागायतदार खंड निभावून नेतो. वरकस जमिनीवर नागली-वरई पिकवणाऱ्याला वीटभट्टीची वाट धरावी लागते. तेथे मजुरी विटांच्या संख्येवर. उन्हाने हात थांबला की मजुरीही थांबते. निसर्ग पाऊस पाडतो, पण तोट्याची वाटणी समाजव्यवस्था करते. डहाणू-पालघरच्या सिंचनासाठी उभारलेल्या सूर्या प्रकल्पाचे पाणी वसई-विरारच्या नळांकडे वळले, हे काही मोसमी वाऱ्यांनी केलेले नाही.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक असावा आणि त्याची नोंद ग्रामसभेपुढे वाचली जावी. नुकसानभरपाईचा निकष एकूण मिलिमीटर नसावा. खंडाचे दिवस व कापणीतील पाऊस धरला जावा. गावातले पाणी गावात अडवणारी शेततळी व बंधारे रोजगाराच्या कामांतून व्हावेत. भर उन्हात काम थांबले, तरी मजुरी तुटू नये.

1945 साली याच भूमीत वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला, तेव्हा वेठ हे प्राक्तन मानण्याचे त्यांनी नाकारले. आजचा तोटाही प्राक्तन नव्हे. कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यात आपल्या पाड्यावरील पावसाचे व खंडाचे दिवस वहीत टिपावेत. तहसील कचेरीत सरासरीला उत्तर देण्यास तीच वही उपयोगी पडेल.